क्रांतीनं गुडघे टेकले तो रविवार

"अक्का, उद्या गुडघे टेकायचे असतात का हो?"

क्रांतीनं हे विचारलं तेव्हा विजयमाला लसूण सोलत होती. उद्या उपासनेनंतर घरी चाळीसेक माणसं जेवायला होती, आणि मटणात लसूण कमी पडला तर माझ्या पुढ्यात ताट आणू नका, असं सासूबाईंनी सकाळीच बजावून ठेवलं होतं. टोपली तळाला आली होती. विजयमालेची नखं चुरचुरत होती. पण आठवडाभर आत जे चुरचुरत होतं, त्याच्यापुढे नखांचं काहीच नव्हतं.

उद्या साताऱ्याच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत तिच्या धाकट्या जावेची, क्रांतीची, मंडळी-सेविका म्हणून नेमणूक व्हायची होती. पाळक नाही, मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातली वडीलही नाही. दीक्षा न झालेली, पण मंडळीनं सगळ्यांदेखत पुढे बोलावून, प्रार्थना करून, 'जा, हे काम आमच्या वतीनं कर' असं म्हणून पाठवलेली बाई. मलकापुरात भाड्याच्या खोलीत रविवारी दुपारी भरणारा मुलांचा वर्ग आता रीतसर तिचा होणार होता. त्यासाठी क्रांती दोन वर्षं दर शनिवारी एसटीनं सांगलीला जाऊन अभ्यासक्रम करून आली होती. नवरा विश्वजीत फौजेत, सीमेवर. म्हणून तिचा शनिवारचा स्वयंपाक दोन वर्षं कुणी केला, तर विजयमालेनं.

आणि विजयमाला स्वतः लग्न होऊन आली त्या वर्षापासून मंडळीचं संडे स्कूल घेत होती. आज कोट घालून पुढच्या बाकावर बसणाऱ्या निम्म्या पुरुषांची नाकं तिनं पुसली होती. बायबलमधल्या योसेफाचा रंगीत झगा तिनं जुन्या साड्यांच्या तुकड्यांतून शिवला होता, आणि तो अंगावर चढवायला मिळावा म्हणून पोरं पाठांतर करून यायची. तिच्या वर्गाचा एक नियम होता. पाठांतर चुकलं की मुलानं उभं राहायचं. पण बाईंनीच चुकीचं सांगितलेलं निघालं, तर मुलानं बसायचं, बाईंनी उभं राहायचं, आणि सगळ्या वर्गानं पोटभर हसायचं. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी ती मुद्दाम चुकायची. पोरांना हसायला मिळावं, एवढ्यासाठी.

सेविकेसाठी क्रांतीचं नाव निघालं, त्या दिवशी विजयमाला फळा पुसत उगीचच मागे रेंगाळली होती. तरुण पाळक शिवतेज तिच्याकडे बघून मोकळेपणानं हसले होते. "तुमची काय नेमणूक करायची, विजयाबाई? तुम्ही तर आहातच!"

आहातच. चर्चची घंटा असते, तशी.

"अक्का? टेकायचे का?" क्रांतीनं पुन्हा विचारलं. "परवा पाळकसाहेब गडबडीत होते, तेवढं विचारायचं राहून गेलं."

विजयमालेला नियम तोंडपाठ होता. गुडघे टेकतो तो दीक्षा घेणारा, पाळक किंवा वडील. त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. सेवक-सेविका ताठ उभ्या राहतात, आणि पाळक त्यांच्या हातात आपला उजवा हात देतो. तिनं क्षणभर डोळ्यांपुढे चित्र आणलं: सगळी मंडळी बघते आहे, आणि सांगलीहून शिकून आलेली क्रांती भलत्याच जागी गुडघ्यांवर बसली आहे. पाळक ओशाळून म्हणताहेत, 'उठा, बाई, उठा.' मागच्या बाकांवरून एखादी बारीक खसखस. बस, एवढंच. त्याहून जास्त काही नको होतं तिला.

"टेकायचे," ती म्हणाली. "मान खाली घालून. घाई करायची नाही."

"बरं," क्रांती म्हणाली, आणि लसणाची टोपली तिच्यापुढून ओढून घेतली. "द्या, राहिलेला मी सोलते. तुमची नखं बघा कशी झालीत."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या सासूबाई, हरणाबाई, दोघींकडे बघत होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं. पण कधी कमी यायचं हे त्या ठरवायच्या.

"लसूण लय झाला तरी चालंल," त्या म्हणाल्या. "दुसरं कायबी लय हुं देऊ नगा."

*

मंडळीची जुनी रीत अशी, की नेमणूक होणाऱ्याला त्याच्या शिक्षकानं हाताला धरून पुढे आणायचं. क्रांती लग्न होऊन फलटणहून आली तेव्हा तिला पवित्र शास्त्रात स्तोत्रसंहिता कुठं आणि प्रकटीकरण कुठं हेही सापडत नव्हतं. तिला सगळं शिकवलं कुणी? तेव्हा पाळकांनी शिक्षिका म्हणून विजयमालेचंच नाव पुकारलं. हेही वाट्याला आलंच.

ती क्रांतीला घेऊन पुढे गेली. क्रांतीचा तळहात घामानं ओला होता. मागच्या दोन रविवारी मंडळीपुढे विचारून झालं होतं, की या नेमणुकीला कुणाची रास्त हरकत असेल तर कळवावं. आज पाळकांनी पुन्हा विचारलं. सगळे गप्प. विजयमालाही गप्प. तिची हरकत रास्त नव्हती, हे तिला माहीत होतं.

सेविकेसाठी ठरलेले प्रश्न झाले. क्रांतीनं स्पष्ट आवाजात उत्तरं दिली. पाळक एक पाऊल पुढे आले, त्यांनी उजवा हात पुढे केला, आणि क्रांतीनं सावकाश, जराही घाई न करता, गुडघे टेकले.

पाळकांचा हात हवेतच राहिला.

आता खसखस येईल म्हणून विजयमालेनं श्वास धरला. आला तो खुर्ची सरकल्याचा आवाज. वडीलमंडळातले सर्वांत म्हातारे बिराप्पा उठले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आयुष्यभर त्यांनी एकच पाहिलं होतं: पुढे कुणी गुडघे टेकले, की वडिलांनी जाऊन हात ठेवायचा. ते काठी टेकत आले आणि त्यांनी आपला थरथरता हात क्रांतीच्या पदरावर ठेवला. ते उठले म्हणून त्यांच्या मागचे उठले. मग बँकेतला गुंडा उठला. तोही विजयमालेच्याच वर्गातून वर आलेला, आता सर्वांत तरुण वडील. शेवटी एकटं बसून राहणं वाईट दिसेल म्हणून तिचा नवरा, सुभेदार वीरधवल, जड पावलांनी उठला. दाटी झाली. कुणाचं तरी कोपर विजयमालेला लागलं. ती बाजूला सरकली, मग आणखी सरकली, आणि बघता बघता खांबापाशी जाऊन उभी राहिली.

क्रांतीचं डोकं आता दिसतच नव्हतं. नुसते हात दिसत होते.

पाळकांनी एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं, आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. दुसरं ते करणार काय!

सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना विजयमालेचे उघडे होते. आपल्याच हातानं तिनं क्रांतीला नेमणुकीपेक्षा मोठं काहीतरी मिळवून दिलं होतं. ते बघत राहण्यावाचून तिला आता गत्यंतर नव्हतं.

*

उपासना सुटली आणि अंगणात सांगलीहून आलेल्या विजयमालेच्या भावानं, अर्जुनानं, क्रांतीला मोठ्यानं हाक दिली, "काय वडीलबाई! अभिनंदन! ह्या मंडळीतल्या पहिल्या बाई वडील तुम्हीच की!"

लोक हसले. पण काही जण हसले नाहीत. बायकांना वडीलमंडळात घ्यायचा विषय इथं दोनदा निघाला होता आणि दोनदा पुढे ढकलला होता. आणि या मंडळीत प्रत्येकाला माहीत होतं, की एकदा हात ठेवले की ते परत उचलता येत नाहीत. वडील म्हणून दीक्षा झाली, की ती मरेपर्यंत.

वीरधवल अर्जुनाशी एक शब्द न बोलता घरी आला आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरला.

"तू काय शिकवलंस तिला?"

विजयमाला रस्सा ढवळत होती. "सगळंच. तुम्हाला ठाऊक आहे."

"मी तीन निवडणुका हरलो, तेव्हा कुठं वडील झालो. तीन! आणि ही बया एका मिनिटात? गुडघे टेकून? डोकं आहे तिला. सांगलीच्या कोर्सात असलंच शिकवत असतील. मुद्दाम केलंय तिनं, मुद्दाम!"

आठवडाभर हाच माणूस तिला सांगत होता: हेवा कशाला करतेस, घरातलीच आहे, मन मोठं ठेव. आता त्याच्या कानशिलाची शीर उडत होती. तिला बरं वाटलं. आपल्या आजाराला घरात सोबती मिळाला, असं वाटलं.

"हळू बोला. बाहेर पंगत बसलीय."

"चार वाजता वडीलमंडळ बसणार आहे. पाळकसाहेबांनी बोलावलंय." तो जवळ आला. "तू यायचंस. एवढंच सांगायचं, की मी तिला उभं राहायला सांगितलं होतं. बाकीचं मी बघतो. मुद्दाम केलं असं ठरलं, की नेमणूकच रद्द."

"आणि मलकापूरची पोरं?"

"तू घे. तुझी नेमणूक मी करून घेतो. आज तुझ्या बाजूनं बोलायला सगळे तयार होतील. पस्तीस वर्षं कोण राबलं, हे त्यांना आज आठवेल."

बाहेरून हरणाबाईंचा आवाज आला. "आवं, कुनी रस्सा वाडतंय का? का हितंबी हात ठिवायची वाट बगायची?"

पंगतीत हसू फुटलं. वीरधवल पाय आपटत बाहेर गेला. विजयमालेनं पळी भरली. पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते तिच्यापुढे कुणीतरी वाढून ठेवलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

*

जेवणं उरकल्यावर मागच्या मोरीपाशी दोघी मोठी पातेली घासायला बसल्या. क्रांतीनं नवी साडी वर खोचली होती.

"दादा माझ्याशी बोलले नाहीत," क्रांती म्हणाली. "वाढताना ताट फिरवलं."

"त्यांचं राहू दे."

"पाळकसाहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, कुणी सांगितलं टेकायला. मी म्हटलं, माझंच चुकलं, मला वाटलं टेकायचे असतात."

विजयमालेचा हात थांबला. "असं का सांगितलंस?"

क्रांतीनं पातेलं पालथं घातलं, बुडाशी चिकटलेली काजळी नखानं खरवडली.

"अक्का, कोर्सात आम्हाला उभं राहायचं शिकवलं होतं. सराव करून घेतला होता. मला पक्कं माहीत होतं."

"मग विचारलंस कशाला मला?"

"सवय!" क्रांतीचा आवाज चढला, आणि मग फाटला. "ह्या घरात आल्यापासून सगळं तुम्हालाच विचारलं. चपातीचं पीठ तुम्हाला विचारून भिजवलं, प्रार्थना कुठल्या शब्दानं सुरू करायची ते तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात टेकायचे, मला वाटलं सांगलीवाल्यांना आपल्या मंडळीची रीत ठाऊक नसेल. तुमचं चुकेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. गुडघे टेकले, डोक्यावर पहिला हात पडला, तेव्हा आलं. तोवर अक्का, मी खाली होते."

विजयमालेनं हातातला काथ्या खाली ठेवला.

"मुद्दाम सांगितलंत ना?"

मोरीत पाणी गुळगुळ करत जात होतं. विजयमालेनं मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण क्रांतीला कळलं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली, आणि उठली. "पण आता यापुढं तुम्हाला काही विचारणारही नाही."

ती आत गेली. विजयमाला राखेच्या हातांनी तशीच बसून राहिली. पस्तीस वर्षं तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, की तुम्ही आमच्या बाई आहात. मंडळीनं उभं राहून सांगावं, असं. ते तिला आज मोरीवर ऐकायला मिळालं, आणि मिळालं तेव्हाच संपलं.

दारात हरणाबाई उभ्या होत्या, चौकटीला धरून. उन्हातान्हात गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात त्यांचं तरुणपण गेलं होतं. त्यांनाही कधी कुणी पुढे बोलावलं नव्हतं.

"आत्या, तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं?" विजयमालेनं विचारलं. "आपल्याला कुणी काही म्हटलं नाही म्हणून?"

"वाटलं की. लय वाटलं." म्हातारी चौकटीला टेकली. "तुला पयल्यांदा संडे स्कूलची बाई केली न्हवं का, तवा तर दोन दिस जेवले न्हाई मी. तुला सांगितलं, पोट बिघडलंय."

"मला आठवतंय. मी तुम्हाला पेज करून दिली होती."

"व्हय. आन् ती पेज मी मांजराला घातली." हरणाबाईंनी पदर सारखा केला. "जा. चार वाजत आले."

*

चर्चच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. वडील बसले होते. क्रांतीला दाराशी उभं केलं होतं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण खुर्चीही कुणी दिली नव्हती. विजयमालेसाठी मात्र वीरधवलनं आपल्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवली होती. ती बसली.

शिवतेज पाळकांनी घसा साफ केला. चूक कुणाकडून झाली याचा उलगडा झाला तर मार्ग सोपा होईल, असं ते म्हणाले. अजाणतेपणी झालं असेल तर एक गोष्ट. जाणूनबुजून असेल तर मग नेमणुकीचाच विचार करावा लागेल.

"क्रांतीबाई म्हणतात चूक त्यांची," ते म्हणाले. "सुभेदारसाहेबांचं म्हणणं आहे, त्यांना नीट सूचना दिली होती. विजयाबाई, शिकवण्याचं काम तुमच्याकडे होतं. तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?"

"सांग," वीरधवल पुटपुटला. "उभं राहायला सांगितलं होतं."

विजयमालेनं गोलावर नजर फिरवली. बिराप्पा आवाजाच्या दिशेनं कान करून बसले होते. गुंडा समोर होता, मांडीवर हात, वर्गात बसायचा तसाच. आणि दाराशी क्रांती, पाय जुळवून ताठ उभी. सकाळी उभं राहायला हवं होतं अगदी तशी.

"क्रांती," ती म्हणाली, "तू बस."

"अक्का, राहू द्या."

"बस म्हणते ना."

आणि विजयमाला स्वतः उठली. गुडघ्यानं कटकन आवाज केला. तिनं आपली खुर्ची गोलाच्या बाहेर सरकवली, ओढत नेली आणि दाराशी क्रांतीच्या मागे ठेवली. मग परत मध्ये येऊन उभी राहिली.

गुंडाची मान एकदम वर आली. त्याला नियम आठवला होता.

"मी टेकायला सांगितलं," ती म्हणाली. "उभं राहायचं असतं, हे मला माहीत असताना."

"विजू!" वीरधवल ओरडला.

"पण का, बाई?" पाळकांना खरंच कळत नव्हतं. "तुमच्यासारख्या—"

"मला हेवा वाटला, साहेब. आठवडाभर झोप नव्हती." खरं सांगायला उभं राहिलो आहोत, तर अर्धं कशाला ठेवायचं? "अजूनही वाटतोय. सकाळी तुम्ही सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवलेत. माझ्या डोक्यावर कुणी कधी साधी टपलीसुद्धा मारली नाही. पण ते माझं मी बघेन. मलकापूरची पोरं तिची आहेत. तिच्याकडून काढून माझ्याकडे दिलीत, तर मी घेणार नाही."

बिराप्पांनी काठी जमिनीवर आपटली.

"मग त्या पोरीचा काय गुन्हा? आन् गुन्हा म्हणायचा तर पयला माझा. मीच उठलो आंधळ्यावानी, तुमी माझ्या मागनं आला. पुढल्या रईवारी उभी करा आन् हात द्या तिला. झालं!"

"आणि ठेवलेले हात?" कुणीतरी विचारलं.

"प्रश्न सेविकेचे विचारले होते, वडिलांचे नव्हे," पाळक सावकाश म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. "दीक्षा झालीच नाही. आशीर्वाद म्हणू त्याला. आशीर्वाद परत घ्यायची आपल्यात रीत नाही." मग ते विजयमालेकडे वळले, जरा चाचरले. "विजयाबाई, तुम्ही… बसा ना."

"नाही, साहेब. अजून नियम पुरा व्हायचाय."

क्रांती खुर्चीच्या कडेवर बसली होती, अंग चोरून. तिनं विजयमालेकडे बघितलं. माफ केल्याची नजर नव्हती ती. पण वर्गातली नवी पोर पहिल्या दिवशी बाईंकडे बघते, बाई खऱ्या की खोट्या याचा अंदाज घेत, तशी ती बघत होती.

वीरधवल जमिनीकडे बघत होता. गुंडानं रुमालानं तोंड दाबून धरलं होतं. चाळिशीचा, बँकेत साहेब म्हणवणारा गुंडा. त्याचे खांदे हलत होते. त्याला रडू येत होतं की हसू, हे रुमालामुळे कळायला मार्ग नव्हता.

"गुंडा," विजयमाला म्हणाली, "रुमाल काढ. बाई चुकल्यावर काय करायचं असतं?"

त्यानं रुमाल खाली घेतला. डोळे भरलेले होते. "हसायचं असतं, बाई."

"मग हस की रे. किती वेळ उभं ठेवतोस मला?"